घोटीपर्यंतची मुंबई

सायखेड्यात कुणीही शंका न घेता मान्य केलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली एक म्हणजे आमच्या आत्यानं मुंबई पाहिलीय. लग्न झाल्या झाल्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तिला चांगले चार दिवस मुंबईला घेऊन गेले होते. त्याला आता चाळीस वर्षं होतील. तेव्हापासून गावातलं कुणीही मुंबईला निघालं की आधी आत्याच्या ओट्यावर येतं. काय न्यायचं, कुठं बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, सगळं ती सांगते. भिवंडीला नोकरी करणारा तिचा एक भाचा दिवाळीत आला होता, तर त्यालाही तिनं अर्धा तास मुंबई समजावून सांगितली. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता.

आत्याची मुंबई ऐकण्यासारखीच होती. राणीच्या बागेतला सिंह मामांकडे बघून आधी गुरगुरला आणि मग त्यानंच नजर खाली घातली. हँगिंग गार्डन ही बाग लोखंडी साखळ्यांनी टांगलेली, एका वेळी बाराच माणसं आत सोडायचे, आणि गरोदर बाईला तर दारातूनच परत पाठवायचे. गेटवेच्या कमानीसमोर उभं राहून मामांनी तिला फुगा घेऊन दिला होता. सायखेड्यातल्या दोन पिढ्या बायका त्या साखळ्यांवर विश्वास ठेवून म्हाताऱ्या झाल्या.

मी नाशिकला शाळेत भूगोल शिकवते. माझी मुलगी मुंबईत नोकरी करते, परळला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, त्यामुळे माझं महिन्याआड जाणं असतं. आत्याची टांगलेली बाग सुरू झाली की माझ्या भुवया आपोआप वर जायच्या. पण वर्गातल्या साठ मुलांच्या चुका काढणं वेगळं आणि आत्याची एक चूक काढणं वेगळं. मी गप्प बसून चहा प्यायचे.

मागच्या वर्षी द्राक्षाच्या छाटण्या उरकल्या आणि गावातल्या भजनी मंडळाच्या बायकांनी एका दिवसाची मुंबईची सहल ठरवली. सव्वीस बायका, एक भाड्याची बस, सगळ्यांना एकाच रंगाच्या साड्या. रंग बाटलीचा हिरवा, कारण हरवलेली बाई लांबून दिसली पाहिजे. सहलीची प्रमुख कोण, हा प्रश्नच नव्हता. आत्यानं आधी कंबर धरली, मग गुडघा धरला, मग म्हैस व्यायला झालीय म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मला फोनवर रस्ता बघायला बरोबर घेतलं.

सहलीला आठ दिवस राहिले असताना आत्या एकटीच नाशिकला माझ्या घरी आली. मेनरोडवर टाळांना गोंडे घ्यायचेत म्हणाली. गोंडे काही घेतले नाहीत. स्वयंपाकघरात येऊन तिनं दार लावलं, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"पोरी, म्या मुंबई पाह्यलेली नाय," ती म्हणाली.

मला आधी वाटलं, म्हणजे बरीच वर्षं पाहिलेली नाही. मी म्हटलं, "मग आता बघशील की."

"आगं नाय म्हंजी नायच. कव्हाच नाय. आमी घोटीला व्हतो."

मग तिनं सगळं सांगितलं. मामांना गाडी लागते, हे लग्नाआधी कुणी बोललं नव्हतं. सायखेड्याहून निघताना अख्खं गाव निरोप द्यायला आलं होतं, हार घातले होते, सासऱ्यांनी नारळ फोडला होता. घोटी येईपर्यंत मामांची पार दशा झाली. पुढं कसाऱ्याचा घाट आहे म्हटल्यावर ते एसटीतून उतरले ते परत चढलेच नाहीत. माघारी जावं तर हार अजून सुकलेसुद्धा नव्हते. घोटीत मामांचा एक मित्र भाताच्या गिरणीवर कामाला होता. त्याच्या मागच्या खोलीत नवराबायको चार दिवस राहिले. मामांनी स्टँडवरून मुंबईच्या चित्रकार्डांची एक घडीची माळ विकत घेतली, तेवढी दोघांनी मिळून पाठ केली, चित्रात जे दिसत नव्हतं ते मामांनी आपल्या बुद्धीनं भरलं, आणि घोटीच्याच दुकानातून हलवा घेऊन ते गावात मुंबईहून परतले.

मी हसायला लागले. मला थांबताच येईना, मी खाली फरशीवर बसले. आत्या म्हणाली, "हास. हास चांगली." पण तिचे डोळे भरले होते, आणि ते माझ्या हसण्यामुळं नव्हतं.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे," ती म्हणाली. "पन धाकलीला कळाया नको."

धाकली म्हणजे तिची धाकटी जाऊ. मी त्यांना मावशी म्हणते. आत्याच्या पाठोपाठ तीन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. त्यांचेही यजमान त्यांना मुंबईला न्यायला निघाले होते, पेटीसुद्धा भरून झाली होती. सासूबाईंनी थोरल्या सुनेला विचारलं, तू पाहून आलीस, धाडू का हिला? ही खरी मुंबई बघून आली की पहिल्याच संध्याकाळी साखळ्यांचं विचारणार. आत्या म्हणाली, "नका धाडू. तिथली हवा नव्या नवरीला मानवत नाय, मलाच लय तरास झाला." झालं, बेत मोडला. मग मुलं, म्हशी, बाग. मावशींचे यजमान जाऊनही आता सहा वर्षं झाली. मावशींची मुंबई राहिली ती राहिलीच.

"मग तू कधी का नाही गेलीस नंतर?" मी विचारलं. "एखाद्या लग्नाला तरी."

"मी पाह्यलेली व्हती ना," आत्या म्हणाली. "कल्यानला लगीन निघालं का सगळी म्हनायची, तुमची पाहून झाली, तुमी म्हशींकडं बघा."

आता मात्र मला हसू आलं नाही.

मी तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची शिकवणी घेतली. अठ्ठावीस वर्षं मुलांना खरा भूगोल शिकवला, आता एका बाईकडून खोटा पक्का करून घेत होते. मोबाईलवर राणीची बाग दाखवली, गेटवे दाखवला, चौपाटी दाखवली. आत्याला एक रामबाण वाक्यही दिलं. कुठंही अडलीस की म्हणायचं, "तव्हा आसं नव्हतं." चाळीस वर्षांत मुंबईत काय काय बदललं ते मुंबईवाल्यांनाही धड सांगता येणार नाही. आणि हेही आठवलं नाही तर पदर दोनदा सारखा करायचा, मी मध्ये पडेन. तिसऱ्या दिवशी तिला इतका आत्मविश्वास आला की पेडर रोडवर मी चुकतेय असं ती मला सांगायला लागली.

पहाटे निघालो. मामा स्टँडवर आले होते, बसपासून चांगले दहा हात लांब उभे राहिले. बस दिसली तरी त्यांना मळमळतं. घोटीला चहाला थांबलो तेव्हा सगळ्या बायका खाली उतरल्या, आत्या खिडकीतच बसून राहिली. बाजूच्या गल्लीत गिरणीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. ती हळूच म्हणाली, "चार दिस नवा तांदूळ खाल्ला बघ. ह्यांच्या डोक्यावर ओला पंचा आन् मी शेजारी चित्रं घिऊन. लय हासलो आमी." लाजल्यासारखी झाली होती. मला वाटलं, एवढ्या सुखाची सहल गावातल्या कुणाचीच झाली नसेल.

राणीच्या बागेत आत्यानं मैदान मारलं. पेंग्विन बघून बायकांनी तिच्याकडे माना वळवल्या. "तव्हा आसं नव्हतं," आत्या म्हणाली. काचेच्या भिंती, "तव्हा आसं नव्हतं." तिकिटाची रांग, "तव्हा तर आसं नव्हतंच." एकीनं सिंहाबद्दल विचारलं, तर आत्यानं सुस्कारा टाकला आणि "त्यो आता कुठला ऱ्हातोय" म्हणून दोन्ही हात जोडले. दोघीतिघींनी त्या सिंहासाठी चुकचुक केली. चौपाटीजवळचं मत्स्यालय बंद असल्याचं ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता देवाचे आभार मानले.

खरी परीक्षा हँगिंग गार्डनला होती. सव्वीस हिरव्या साड्या फाटकातून आत शिरल्या आणि साखळ्या शोधायला लागल्या. झाडांचे कापून केलेले हत्ती, बैल, सगळं होतं. साखळी कुठंच नव्हती. एका बाईनं तर कठड्यावरून वाकून बागेच्या खाली बघितलं. मावशी मध्येच उभ्या राहिल्या, पायानं जमीन दोनदा दाबून बघितली आणि आत्याला म्हणाल्या, "आक्का, ही तं हालत नाय."

आत्यानं पदर दोनदा सारखा केला. मी तोंड उघडलं, पण भूगोलाच्या बाईला तेवढ्या वेळात टांगलेली जमीन काही सुचेना. शेवटी आत्याच बोलली. "तव्हा हालायची. मान्सं घाबराया लागली, मंग सरकारनं खालून शिमीट भरलं. साखळ्या आतच हायेत." बायकांनी पायाखाली बघत, जरा हळूहळू चालायला सुरुवात केली. शेजारी एक गुजराती कुटुंब फोटो काढत होतं, तेही आमच्या बायकांकडे बघून सावकाश चालायला लागलं. मी झाडाच्या बैलाआड जाऊन हसून घेतलं. मावशी मात्र हसल्या नाहीत, हळूही चालल्या नाहीत. त्या आत्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

दशम्या आणि लसणाची चटणी खाऊन दुपारी आम्ही गेटवेला पोचलो. बस वळली, समोर ती कमान उभी राहिली, आणि कुणी काही विचारायच्या आत आत्या सवयीनं बोलून गेली, "तव्हा हे नव्हतं."

पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून विचारलं, "आक्का, मंग फुगा कुडं घेतला व्हता?"

"ती त्या लोखंडी कठड्यांचं म्हणतेय," मी ओरडले. "कठडे! कठडे तेव्हा नव्हते!" इतक्या जोरात ओरडायची गरज नव्हती. ड्रायव्हरनंसुद्धा कठड्यांकडे बघितलं.

तिथून लाँचनं समुद्रात फेरी मारायची ठरली होती. लाँच चांगलीच हलत होती, इंजिनाचा आवाज कान फोडत होता. बायका मधल्या बाकांवर एकमेकींना धरून बसल्या आणि त्यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. आत्या, मावशी आणि मी कडेला होतो. किनारा मागं गेला तशी आत्या कडेला आणखी सरकली. ती नुसती बघत होती. पलीकडचा काठ शोधत होती बहुतेक. गोदावरीकाठी जन्म गेलेल्या बाईला पाण्याला पलीकडचा काठ असतो हेच माहीत. मी तिला मोबाईलवर सगळं दाखवलं होतं, पण तो मोबाईल माझ्या तळहाताएवढा होता. तिला आता खरा समुद्र दिसत होता आणि ती माझी सगळी शिकवणी विसरली होती.

तेवढ्यात एक लाट बाजूवर आपटली आणि पाणी आत्याच्या तोंडावर उडालं. तिनं ओठांवरून जीभ फिरवली आणि ती दचकून म्हणाली, "आगं बाई, खरंच खारट हाय!"

मी डोळे मिटून घेतले.

"खरंच म्हंजी?" मावशी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता, पण इंजिनाच्या आवाजातही तो मला ऐकू आला.

"मावशी, तिला म्हणायचंय की अजूनही..." मी सुरू केलं.

"गप गं," आत्या मला म्हणाली. मग ती मावशींकडे वळली. बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती. "म्या आज पयल्यांदाच आले. मुंबई पाह्यलेली नव्हती म्या. आमी घोटीच्या पल्याड गेलोच नाय. तुला नगं धाडू म्हनले ते त्याच्यासाठी. तू खरी मुंबई पाहून आली आसती, मंग माझी काय राह्यली आसती?"

मला वाटलं मावशी ओरडतील, किंवा सगळ्या बायकांना हाक मारतील. त्या रडतील असंही वाटलं. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"तीन दिस भरलेली पेटी उघडली नाय मी," त्या म्हणाल्या. "हे म्हनायचे, फुडल्या साली जाऊ. दर साली म्हनायचे. मला ह्यांच्यासंगं बघायची व्हती आक्का. मला एकलीला नव्हती बघायची."

मी आठ दिवस आत्याला उत्तरं पाठ करून दिली होती, त्यांतलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. या सगळ्याची मी गंमत केली होती, आणि मावशी इतका वेळ माझ्याच शेजारी बसल्या होत्या.

संध्याकाळी चौपाटीवर बायकांनी वाळूत फेर धरला, भेळ खाल्ली, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवलं. मावशी लांब एकट्या बसल्या होत्या. आत्या त्यांच्यापासून चार हातांवर बसली, जवळ जायची तिची हिंमत झाली नाही. मामांचा फोन आला, तो मी घेतला. ते दबक्या आवाजात विचारत होते, "कळालं का कुनाला?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही जेवून घ्या." दुसरं काय सांगणार होते?

निघायची वेळ झाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी दारात उभी राहून हिरव्या साड्या मोजल्या, पंचवीस भरल्या. मावशी खालीच होत्या. पिशवी काखेला मारून फुटपाथवर उभ्या.

"मावशी, चला, उशीर होतोय."

"मी येत नाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोरीच्या खोलीवर माझी सोय व्हईल का?"

खिडक्यांतून सगळ्या माना बाहेर आल्या. काय झालं, काय झालं, सुरू झालं. आत्या पहिल्याच सीटवर बसली होती. आता हिनं सगळ्यांसमोर सांगितलं तर चाळीस वर्षांचा आब या फुटपाथवर उतरणार होता, आणि मावशींना तसा हक्क होता, हे तिला कळत होतं. ती उठली. स्वतःच सांगायला उठली असावी, कारण तिनं बायकांकडे तोंड केलं आणि दोन्ही हात जोडले.

"बायांनो, ऐका..." ती म्हणाली.

"काय ऐकायचं त्यात?" मावशी खालून मोठ्यानं म्हणाल्या. "माझी मुंबई ऱ्हायलीय आन् आक्कांना ती मला दाखवायची हाय. त्या बी उतरत्यात. तुमी जा घरी."

बायकांनी एकच गलका केला. नशीबवान हाय बाई, जाऊ आसावी तं अशी. एकीनं उरलेल्या दशम्या बांधून दिल्या. आत्या जोडलेले हात तसेच ठेवून उतरली, तिची पिशवी मी खाली आणून दिली. तिला काय होतंय हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना वाटलं मायेनं भरून आलंय.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "दोन आज्या? किती दिवस?" मी मावशींना विचारलं.

"बघून व्हईपत्तोर," मावशी म्हणाल्या.

मला पंचवीस बायकांतल्या उरलेल्या चोवीस घरी पोचवायच्या होत्या, म्हणून मला बसबरोबर जावं लागलं. मी मुलीचा पत्ता कागदावर लिहून आत्याच्या हातात द्यायला गेले. मावशींनी तो मधेच घेतला. त्यांनी तो एकदा वाचला, समोरच्या ट्रॅफिक पोलिसाकडे गेल्या आणि तो त्याला दाखवून परळला कसं जायचं ते नीट दोनदा विचारून घेतलं. परत आल्या तेव्हा त्यांनी आत्याकडे पाहिलंही नाही. काखेची पिशवी काढून फुटपाथवर ठेवली आणि चालायला लागल्या.

बस सुटली. मागच्या काचेतून मी बघितलं. मावशी पुढं चालल्या होत्या, कुठल्या बाजूला वळायचं ते लोकांना विचारत. आत्यानं खाली वाकून ती पिशवी उचलली, आपली दुसऱ्या हातात घेतली, आणि ती त्यांच्या मागनं चालायला लागली.